आक्काच्या मागचा श्वास

नागनाथनं ती तबकडी आणली तेव्हा मी पेट्यांतला कापूस अंगणात उन्हाला घातला होता. पेट्या म्हणजे माझे स्पीकर. कमरेएवढे उंच, सागवानाचे, स्वतः रंधा मारून केलेले. आतले कर्णे हैदराबादहून आणलेले आणि भरलेला कापूस सेलूच्या जिनिंगमधला. जिंतुरात मला रामकिशन पेटीवाला म्हणतात. नवख्या माणसाला वाटतं मी हार्मोनियम विकतो.

येलदरीच्या वीजघरात मी तेवीस वर्षं काढली. माझ्या कामाची पद्धत साधी होती. लोखंडी सळईचं एक टोक चालत्या यंत्राच्या बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला लावायचं आणि डोळे मिटायचे. काटे आणि दिवे सगळं ठीक आहे म्हणत असताना मी तीनदा यंत्र बंद करायला लावलं. तिन्ही वेळा साहेब तणतणले आणि आत उघडून पाहिल्यावर मुकाट झाले. हे मी मोठेपणा मिरवायला सांगत नाही, असं म्हणणार होतो, पण मिरवायलाच सांगतोय. पुढे जे झालं ते याच मोठेपणापायी झालं.

नागनाथ माझा भाचा, धुरपताआक्काचा एकुलता मुलगा. सहा वर्षं सौदीत वायरमनकी करून त्र्याण्णवच्या दिवाळीला तो कायमचा परत आला आणि येताना तबकड्या, म्हणजे सीडी, वाजवायचं यंत्र घेऊन आला. तबकडी मात्र त्याच्या आईची होती. आदल्या वर्षी पुण्याच्या कुठल्याशा संस्थेचे दोघं जण देवगाव फाट्याच्या आत आक्काच्या गावी येऊन तिच्या जात्यावरच्या ओव्या भरून घेऊन गेले होते. वर्षानं टपालात ही चकचकीत तबकडी आली. ती वाजवायला घरात काहीच नव्हतं. म्हणून आक्कानं तिला हळदकुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवून दिलं.

"मामा, ह्याला सुई नसती," नागनाथ म्हणाला. "सगळे आकडे हायत आत. उजेडानं वाचतंय. हजार बार लावा, झिजायचं न्हाई की बदलायचं न्हाई."

मी आधी ओल्या फडक्यानं हळद पुसली. मग कापूस परत भरला, मागच्या फळ्या कसल्या आणि तबकडी लावली. दुपारचे दोन वाजले असतील. बायको रुख्मिणी स्वयंपाकघरात लसूण सोलत होती.

जातं सुरू झालं. मी खूप आवाज ऐकलेत, पण असा कधी ऐकला नव्हता. दोन पेट्यांच्या मधल्या मोकळ्या भिंतीपाशी, जमिनीपासून दीड हातावर, मांडी घातलेल्या बाईचं तोंड जिथं येईल तिथं आक्काचा आवाज उभा राहिला. दगडाचा फेरा डावीकडून उजवीकडे जाताना कळत होता. बांगडी खुंट्यावर आपटलेली कळत होती. रुख्मिणी दारात आली आणि तिनं डोक्यावर पदर ओढला. थोरल्या नणंदेसमोर बोडक्यानं कसं उभं राहायचं, हे तिच्या हाताला आपसूक कळलं असावं.

येलदरीच्या धरणाला पाणी लागलं भिंतीला
भाऊ माझा रामकिशन दिवा लावितो रातीला

माझं नाव आलं तेव्हा मला भरून आलं. मग मात्र माझा कान कामाला लागला, कारण तो गप्प बसणाऱ्यातला नाही. तिसऱ्या ओवीनंतर दगडाचा फेरा पुरा न होताच पुढचा सुरू झाला होता. एका ठिकाणी कोंबडीचा आवाज मधेच तुटला होता. पुणेकरांनी कापाकापी केली होती आणि सांधे नीट बसवले नव्हते. नागनाथला मी तसे नऊ सांधे बोटावर मोजून दाखवले. त्याला एकही ऐकू आला नाही, आणि मला त्याची गंमत वाटली.

सातव्या ओवीपाशी मला दुसरं काही ऐकू आलं. ओळ संपली, आणि ती संपल्यावर क्षणभरानं, आक्काच्या बरंच मागे, बारीक शिट्टीसारखा श्वास कुणीतरी आत ओढला. पुढच्या ओळीनंतर पुन्हा तसंच झालं.

"आवं, आक्काच्या मागं कोण बसलंय?" रुख्मिणीनं विचारलं.

"कोणी न्हाई मामी," नागनाथ म्हणाला. "आई सांगत व्हती, त्या लोकांनी समद्यांला भाईर काढलं. दार लावून घेतलं. ती एकलीच व्हती."

रुख्मिणी लसणाची परडी घेऊन अंगणात जाऊन बसली. नागनाथनं यंत्र माझ्याकडेच ठेवलं. असा आवाज त्याच्या घरी कुठून येणार, असं तो म्हणाला.

पुढचे आठ-दहा दिवस मी दुसरं काही केलं नाही. रोज दुपारी जेवण झालं की तबकडी लावायची. नागनाथच्या कानात घालायच्या यंत्रावर ऐकलं, तर शिट्टी नाही. कॅसेटवर उतरवून शेजारच्या टेपवर वाजवली, तर तिथंही नाही. ती फक्त माझ्या पेट्यांवर यायची. आणि आता लिहायला मला लाज वाटते ते सांगतो. ती जागा बदलत होती.

पहिल्या दिवशी श्वास सातव्या ओवीला आला होता. चौथ्या दिवशी तो पाचवीला आला आणि आठव्या दिवशी तिसरीला. आधी तो आक्काच्या पार मागे, दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटायचा. मग उंबऱ्याशी आला, मग तिच्या पाठीशी. ओळ संपल्यावर यायचा तो आता ओळ संपता संपताच यायला लागला. न झिजणाऱ्या आणि न बदलणाऱ्या तबकडीत हे कसं होईल? मी मनाला समजावलं की तबकडी तीच आहे, माझा कान सरावतोय. एकदा खोट सापडली की ती सगळीकडे दिसते, हे मला वीजघरानं शिकवलंच होतं. पण वीजघरात मी कधी पाठीमागे वळून पाहिलं नव्हतं आणि इथं रोज पाहत होतो.

पुण्याला पत्र टाकलं आणि दुसऱ्या दिवशी फाट्याची एस.टी. धरून आक्काकडे गेलो.

आक्का ओसरीवर तूर भरडत बसली होती. सत्तरीला टेकलेली बाई, पण हात वाऱ्यासारखा चालत होता. आमची आई लवकर गेली. मला आक्कानं वाढवलं. तिच्या लग्नात मी तिच्या पदराला धरून सासरपर्यंत गेलो होतो आणि महिनाभर परत यायला तयार नव्हतो, हे ती अजून चारचौघांत सांगते. सांगायची.

मी खांबाला टेकलो आणि कान लावला. शेजारी बैल होता, गिरणीचा पट्टा फटफटत होता, पोरं ओरडत होती. या सगळ्यात काय ऐकू येणार.

"काय ऐकायलास रे?" ती हात न थांबवता म्हणाली. "कान भरलाय का? ये इकडं, तेल घालते."

"काही नाही. त्या तबकडीत जरा खोट आहे."

"माझ्या आवाजात हाय का खोट?"

"तुझ्या आवाजात कशाला असेल? भरणाऱ्यांनी घाण केलीय."

ती हसली. मग दगड थांबवून तिनं एक हात मागे नेला आणि पाठीवर टेकवला. "त्या दिवशी दळताना मला लय येगळंच वाटलं बाबा. दार लावलेलं, खोलीत मी एकली, अन् असं वाटायचं की कोणतरी माझ्या पाठीला पाठ लावून बसलंय. समदा भार माझ्यावर टाकून. अजून बी वाटतंय कवा कवा."

मी तिच्या पाठीकडे पाहिलं. हातभर अंतरावर होती. वाकून कान लावला असता तर सळईचीसुद्धा गरज पडली नसती. तीन टनाच्या बेअरिंगचं मनातलं ओळखणारा मी, मला एवढं कळलं असतं. पण रस्त्यावरची ओसरी, येणारी-जाणारी माणसं, आणि विधवा बहिणीच्या पाठीला साठीतला भाऊ कान लावून बसलाय, हे कसं दिसलं असतं? मला तेव्हा हेच सुचलं. आक्का काय म्हणाली असती, तर "लाव बाबा" एवढंच.

"पाठ दुखत असेल," मी म्हणालो. "तेल चोळून घे."

"चोळते की," ती म्हणाली आणि दगड पुन्हा फिरवू लागली. मी चहा घेतला, तिनं बांधून दिलेली डाळ घेतली आणि चारच्या गाडीनं परत आलो.

पुण्याचं उत्तर पौषात आलं. पत्र नम्र होतं. तुम्ही दाखवलेले नऊही सांधे बरोबर आहेत, आजवर कुणाच्या लक्षात आले नव्हते, असं त्यांनी लिहिलं होतं. त्या त्या जागी बाईंना खोकला आला होता, ऐकणाऱ्याला त्रास नको म्हणून तो कापून काढला. शिट्टीसारखा श्वास मात्र आमच्याकडे कुणालाच ऐकू येत नाही. तुमच्या घरगुती पेट्या बारीक आवाजाला जरा तिखट असाव्यात.

ते पत्र मी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा मला एकच ओळ दिसली. पेट्या तिखट. घरगुती. मी संतापानं लाल झालो. चाळीस मिनिटांत नऊ वेळा खोकला कापावा लागला, ही ओळ त्याच पानावर, त्याच शाईत लिहिलेली होती. माझ्या डोळ्यांनी ती वाचली आणि माझ्यापर्यंत ती पोहोचली नाही.

संतापाच्या भरात मी पेट्या उघडल्या. बारीक आवाजाच्या लहान कर्ण्यांच्या तोंडावर आधी पातळ फडकं लावलं, मग फडक्यामागे कापूस, मग आणखी कापूस.

रुख्मिणी दारात उभी राहून पाहत होती. "खोट तबकडीत हाय म्हणता अन् उघडायलाव पेट्या. दुखणं हाल्याला अन् इंजेक्शन पखालीला."

"तुला यातलं काय कळतं?"

"मला कळत न्हाई. पण आक्काला एकदा परभणीला दाखवून आणा. मला त्यो आवाज चांगला वाटत न्हाई."

"तबकडी ऐकून कुणी डॉक्टरकडं जातं का?" मी म्हणालो.

कापसाचा तिसरा थर बसला आणि शिट्टी गेली. तबकडी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत लावली. आक्का गात होती, दगड फिरत होता आणि तिच्या मागे कुणीही नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की मी रुख्मिणीला चहा करून दिला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, तेव्हा पहिल्यांदाच.

संक्रांतीला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला. गावोगाव बंदोबस्त होता, म्हणून आक्का सणाला न येता चार दिवसांनी तिळगूळ घेऊन आली. बरोबर नागनाथ होता. गल्लीतल्या सहा-सात बायाही रुख्मिणीनं बोलावल्या होत्या. मी सतरंजी टाकली, आक्काला दोन्ही पेट्यांच्या बरोबर समोर बसवलं आणि तबकडी लावली.

बाया तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. दोघीतिघींनी डोळे पुसले. आक्का मात्र कपाळाला आठी घालून पेट्यांकडे पाहत होती. मधेच ती उठली आणि सावकाश पेट्यांच्या मागे जाऊन पाहून आली. येताना तिनं भिंतीचा आधार घेतला. परत खाली बसली, आणि बसल्यावर काही वेळ तिला बोलता येईना.

ओव्या संपल्यावर ती म्हणाली, "आवाज माझा हाय. पण ही मी न्हाई."

"कामून गं?" नागनाथनं विचारलं.

"हिला दमच लागत न्हाई रे," आक्का म्हणाली. "माझा दम कुठं गेला?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो. नवं यंत्र आहे आक्का, त्यात दमबिम काही लागत नाही, असं काहीतरी बोललोसुद्धा. तिनं माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली. ती माझ्या उत्तराची वाट पाहत होती, हे मला आज कळतं.

माघात एका पहाटे तिला आडवं होता येईना. नागनाथनं जीप करून तिला परभणीला दवाखान्यात नेलं आणि मी जिंतूरहून थेट तिकडे पोहोचलो. डॉक्टर तरुण होता. त्यानं फोटो उजेडासमोर धरून दाखवला. पाठीच्या बाजूनं, खालून वर, छातीत पाणी भरत आलं होतं.

"हे आजचं नाही," तो म्हणाला. "वर्ष-दीड वर्षाचं असेल. आधी आणलं असतं तर काढता आलं असतं. खोकला होता का? श्वास घेताना शिट्टी वाजल्यासारखा आवाज तुमच्यापैकी कुणी ऐकला नाही का?"

"खोकला चुलीच्या धुरानं येतो म्हणायची," नागनाथ म्हणाला. "शिट्टी न्हाई ऐकली साहेब."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर एक माणूस सायकलला हवा भरत होता.

आक्का नऊ दिवस होती. त्या नऊ दिवसांत मी तिच्या उशाशी बसून तो श्वास ऐकला. तोच होता, पण आता तो कुणाच्या मागून येत नव्हता. दहाव्या दिवशी सकाळी तो थांबला.

चौदावा झाल्यानंतर आठवड्यानं नागनाथ एकटाच माझ्याकडे आला. दुपारची वेळ होती. "मामा, आईचा आवाज लावा," तो म्हणाला.

मी उठून पेट्या उघडल्या. लहान कर्ण्यांवरचा कापूस काढला, फडकं काढलं. ज्या बाईला दम लागत नाही तिचा आवाज त्याला ऐकवायचं मला धाडस झालं नाही, एवढंच.

तबकडी फिरू लागली. जातं सुरू होण्याच्या आधी, पहिल्या शब्दाच्याही आधी, दोन पेट्यांच्या मधल्या भिंतीपाशी तो श्वास आला. लांब, बारीक, शिट्टी वाजवत. मग त्याच्या मागून आक्का गायला लागली. पूर्वी तो तिच्या मागे असायचा. आता तो पुढे होता आणि आक्का त्याच्यामागून चालली होती, ओळीमागून ओळ, शेवटच्या ओवीपर्यंत.

रुख्मिणी आतून बाहेर आली नाही. नागनाथ ताठ बसला होता. सांधे न कळणाऱ्या त्या माणसाला आज सगळं ऐकू येत होतं, हे मला त्याच्या मानेवरून कळलं.

"मामा, हे पहिल्यापासून व्हतं?"

"होतं."

"तुमाला ऐकू यायचं?"

खोटं बोलायला वाव होता. तबकडीत बदल होत नाही, पण माणसाचे कान म्हातारे होतात, असं म्हणता आलं असतं. "पहिल्याच दिवसापासून," मी म्हणालो. "आणि खोकला कापल्याचं पत्रही आलं होतं."

दगड थांबला. तबकडी संपली आणि यंत्रावरचे आकडे शून्यावर गेले. तरी तो श्वास अजून तीन-चार वेळा आला. आम्ही दोघांनीही तो ऐकला आणि दोघांनीही बटणाकडे हात नेला नाही.

मग तोही थांबला. नागनाथ चिडेल, यंत्र उचलून नेईल, निदान मोठ्यानं बोलेल, असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. तो जमिनीकडे पाहत बसून राहिला.

"डॉक्टरनं इचारलं तवा तुमी खिडकीकडं बघत व्हता," तो अखेर म्हणाला. "मला वाटलं, मामा रडायलाय."